नव्वदी ओलांडलेले पूर्वज वंशावळीच्या डेटाबेसमध्ये कसे शोधावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छापील कुलवृत्तांताचे दोन खंड आणि नंतर नातेवाइकांकडून गोळा केलेली माहिती मिळून सुमारे अकरा हजार व्यक्ती तुम्ही डेटाबेसमध्ये भरल्या आहेत. येत्या कुलसंमेलनात नव्वदी ओलांडलेल्या पूर्वजांची यादी लावायची आहे. सॉफ्टवेअरला विचारले तेव्हा तीनशेच्या वर नावे आली, त्यांत सात जण १२० च्या पुढचे, एक तर १८० च्या घरातले. यातले खरे कोण, आणि ‘आमच्या घराण्यात दीर्घायुष्य आहे’ असे म्हणता येईल का?

मी वीसेक वर्षे कुलवृत्तांतांच्या संपादनाचे आणि त्यांच्या डेटाबेसचे काम करतो. सगळ्यात आधी हे सांगतो: वयाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलेली यादी ही दीर्घायुषी माणसांची यादी नसते, ती तुमच्या डेटाबेसमधल्या चुकांची यादी असते. खरी दीर्घायुषी माणसे पुष्कळदा त्या यादीत नसतातच. ती दुसरीकडे लपलेली असतात आणि तिथूनच त्यांना शोधून काढावे लागते.

आधी ते सात जण बाजूला काढा. कागदपत्रांनी सिद्ध झालेले जगातले आजवरचे सर्वाधिक वय १२२ वर्षे १६४ दिवस आहे. ते फ्रान्समधल्या जान कालमाँ या बाईंचे, त्या १९९७ साली वारल्या. आपल्या घराण्यात सात जण १२० च्या पुढे गेले असणे शक्य नाही. पण त्या नोंदी पुसू नका. प्रत्येक नोंदीत नेमकी कोणती चूक झाली ते शोधा, कारण तीच चूक खाली इतर शेकडो नोंदींत झालेली असते आणि तिथे ती डोळ्यांत भरत नाही.

१८० च्या घरातले वय दिसले की माझा पहिला संशय शकावर असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घ्या. जन्म १८ एप्रिल १८५८, निधन ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे पूर्ण १०४ वर्षे. जन्मवर्ष शके १७८०, मृत्युवर्ष शके १८८४. समजा टंकणाऱ्याने जन्माचा शक तसाच सनाच्या रकान्यात भरला आणि मृत्यूचा मात्र सन भरला, तर वय येते १८२. आता उलटे करून पाहा. जन्म १८५८ बरोबर भरला आणि मृत्यूच्या जागी शक १८८४ भरला, तर वय येते २६. पहिली चूक यादीच्या डोक्यावर दिसते, दुसरी कुणालाही दिसत नाही. शंभरी पार केलेला माणूस ऐन तारुण्यात गेलेल्यांमध्ये जाऊन बसतो आणि तिथेच राहतो.

म्हणून नव्वदीच्या पुढचे शोधायचे असतील तर तिशीच्या आत ‘गेलेले’ही तपासावे लागतात. एक साधा फिल्टर लावा: ज्यांच्या मृत्युवर्षानंतर दोन किंवा अधिक वर्षांनी त्यांचेच अपत्य जन्मलेले दिसते अशा सगळ्या व्यक्ती. बायकांच्या बाबतीत दोन वर्षांची सवलतही नको. या एका चाळणीतून माझ्या हाती दर वेळी चार-दोन तरी खरे वयोवृद्ध लागले आहेत.

शकाचे गणित माहीत असेलच, तरी एक बारकावा सांगतो. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. घोळ होतो तो मुख्यतः पौषात, कारण तो महिना बहुधा दोन्ही सनांत पसरलेला असतो. ‘पौष, शके अमुक’ एवढेच असेल तर दोन्ही सन शक्य धरा. इनामाच्या जुन्या कागदांतून माहिती घेतली असेल तर तिथे शकही नसतो. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१.

आता तुमच्या यादीच्या मधल्या भागाकडे वळू, म्हणजे ९५ ते ११५ वयाची माणसे. इथल्या चुका पटतील अशा असतात, म्हणून त्या जास्त फसवतात.

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. गणेश वासुदेव यांचा मुलगा वासुदेव गणेश, त्याचा मुलगा पुन्हा गणेश वासुदेव. आजोबा आणि नातू यांचे पूर्ण नाव आडनावासकट तंतोतंत एक. दोन शाखांकडून आलेली माहिती एकत्र करताना सॉफ्टवेअर विचारते, ही एकच व्यक्ती का? आपण घाईत ‘हो’ म्हणतो, आणि आजोबांचा जन्म नातवाच्या मृत्यूला जोडला जातो. असे आपल्याकडेच होते असे नाही. जपानचे शिगेचियो इझुमी १९८६ साली वारले तेव्हा त्यांचे वय १२० मानले गेले होते आणि कित्येक वर्षे तो विक्रम म्हणून छापला जात होता. पुढे शंका घेतली गेली ती हीच, की जन्माची नोंद त्याच नावाच्या, लहानपणी वारलेल्या थोरल्या भावाची असावी. आज तो विक्रम मानला जात नाही. आपल्याकडेही वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला ठेवल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा एकाच आईबापांच्या पोटी एकाच नावाची दोन अपत्ये दिसली की ती दुबार नोंद समजून एक करू नका. आधी पाहा.

बायकांच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे, ते सविस्तर सांगतो. एका घराण्याचे काम करताना एक आजी मिळाल्या. जन्म १८४९, मृत्यू १९५७, वय १०८. मृत्यूची तारीख पक्की होती, ती पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. जन्माचे वर्ष माहेरच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात छापलेले होते. दोन्ही टोके भक्कम. मी आनंदाने त्यांचे नाव मसुद्यात ठळक टाइपात घातले. पुढे मुलांची नावे क्रमाने लावताना थबकलो. मुले १८६८ ते १८८० मध्ये पाच, मग नऊ वर्षे काहीच नाही, मग १८८९ ते १९०३ मध्ये आणखी चार. शेवटच्या मुलाच्या जन्मावेळी आईचे वय ५४! गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, शोध घेतला तेव्हा १८८१ मध्ये त्या घरातल्या सुनेच्या मृत्यूची नोंद मिळाली. तापाने गेली होती. यजमानांनी दोन वर्षांनी दुसरे लग्न केले आणि दुसरीचेही सासरचे नाव तेच ठेवले गेले. एकीचा जन्म आणि दुसरीचा मृत्यू मिळून माझ्या १०८ वर्षांच्या आजी तयार झाल्या होत्या. दुसऱ्या बाई साधारण ८५ वर्षे जगल्या. पहिल्या बाई बत्तीसाव्या वर्षी पाच मुले मागे ठेवून गेल्या होत्या, आणि आमच्या डेटाबेसमध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. मला त्या चुकीपेक्षा हे जास्त लागले.

तेव्हापासून मी प्रत्येक वयोवृद्ध स्त्रीच्या नोंदीत दोन गोष्टी पाहतो: शेवटच्या अपत्याच्या वेळी वय पन्नाशीच्या पुढे जाते का, आणि अपत्यांच्या क्रमात सहा-सात वर्षांहून मोठी फट आहे का. फट म्हणजे दुसरे लग्नच असे नाही. मधली मुले गेलेली असू शकतात. पण फट दिसली की थांबायचे.

याच्या उलट दत्तक गेलेल्यांचे. जन्माच्या शाखेत ‘दत्तक गेले’ एवढे लिहून नोंद संपते. दत्तक घराण्यात ते नव्या नावाने येतात आणि तिथे फक्त मृत्यू असतो. एकाच माणसाच्या दोन अर्धवट नोंदी, आणि वय एकीतूनही निघत नाही. ‘दत्तक’ हा शब्द टिपणांच्या रकान्यात शोधून सगळ्या जोड्या हाताने जुळवाव्या लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे आहे.

मृत्यूच्या तारखेविषयीही सावध राहा. पुष्कळ जण सातबाराच्या फेरफारावरून मृत्यूचे वर्ष घेतात. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, जी तारीख असते ती नोंद घातल्याची. माणूस गेल्यावर वारसांनी दहा-पंधरा वर्षांनी नाव लावून घेतले असेल तर तेवढे आयुष्य फुकट वाढते. नोंदीचा मजकूर पूर्ण वाचा. ‘अमुक खातेदार अमुक तारखेस मयत’ असे बहुधा आत लिहिलेले असते. वारसांची वेगळी नोंदवही, नमुना ६-क, मिळाली तर तीही पाहा.

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे घरोघरी माहीत झाले आहे. आपल्या कामाला ते सोन्यासारखे आहे. पण दोन अडचणी येतात. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा. आणि जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. बापाचे नाव, मुलगा की मुलगी, आणि भावंडांचा क्रम यावरून ओळख पटवावी लागते. गोव्यातल्या ख्रिस्ती शाखांचे काम सोपे, कारण चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख असते आणि ती जन्माच्या जवळची असते. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे स्थलांतराचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत, मात्र त्यांतली वये अंदाजाने लिहिलेली असतात.

शाळेच्या दाखल्याविषयी तर काय सांगावे! तुमच्या डेटाबेसमध्ये जन्मतारखांची दिवस-महिन्याप्रमाणे मोजणी करा. १ जून ही तारीख इतर कुठल्याही तारखेच्या कितीतरी पट निघेल. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली ती तारीख. तिच्यातला दिवस आणि महिना सोडून द्या, वर्षही एक-दोन वर्षांनी मागेपुढे धरा.

या सगळ्यावर मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय असा: डेटाबेसमध्ये वयाचा एक रकाना ठेवूच नका, दोन ठेवा, किमान वय आणि कमाल वय. समजा एका आजोबांचा जन्म ‘शके १७९२’ एवढाच माहीत आहे आणि मृत्यू ‘१९६१’ एवढाच. शके १७९२ म्हणजे १८७० च्या पाडव्यापासून १८७१ च्या मार्चपर्यंत. सर्वांत उशिरा जन्म आणि सर्वांत लवकर मृत्यू धरला तर ८९ पूर्ण, उलट धरले तर ९१. किमान वयच ९० च्या पुढे असेल तर ‘निश्चित’. किमान खाली आणि कमाल वर असेल तर ‘संभाव्य’. तुमच्या तीनशे नावांना ही फूटपट्टी लावा, चित्र लगेच स्पष्ट होईल. छापील मजकुरातले ‘वयाच्या ९० व्या वर्षी वारले’ हेही लक्षात ठेवा, त्याचा अर्थ ८९ पूर्ण. बाबासाहेब पुरंदरे यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये शंभराव्या वर्षात पदार्पण केले, नोव्हेंबरमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे पूर्ण वय ९९ होते. घरातले लोक अशा वेळी ‘शंभरीचे होऊन गेले’ म्हणतात आणि तेच पुढे कुलवृत्तांतात उतरते.

हे गणित एक्सेलमध्ये करणार असाल तर अडाल. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, ती नुसती अक्षरे समजते, आणि आपली खरी गंमत तर १९०० च्या आधीच आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ही अडचण येत नाही. नाहीतर दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करून वजाबाकी करा. दोन अंकी वर्षे कुठे राहिली असतील तर ती आधी चार अंकी करून घ्या.

यानंतर राहतात त्या ज्यांच्या मृत्यूची नोंदच नाही. तुमच्या अकरा हजारांत या सर्वांत जास्त असतील आणि त्यांत बायका जास्त असतील. ग्रॅम्प्ससारखे सॉफ्टवेअर जन्मापासून ११० वर्षे होईपर्यंत अशा व्यक्तीला हयात असण्याची शक्यता आहे असे धरते आणि मग मृत धरते. वय मात्र निघत नाही, म्हणून नव्वदीच्या यादीत त्या कधीच येत नाहीत. माझ्या अनुभवात घराण्यातली सर्वांत दीर्घायुषी माणसे इथेच असतात: लवकर विधवा झालेल्या, चाळीस-पन्नास वर्षे घर सांभाळलेल्या, आणि छापताना ‘पत्नी’ म्हणून एका शब्दात उरकलेल्या बायका.

त्यांच्यासाठी ‘शेवटची हयात असल्याची नोंद’ असा एक रकाना करा. पुरावे घरातच असतात. मुंजीच्या किंवा लग्नाच्या जुन्या पत्रिकेत कुणाच्या नावाने निमंत्रण आहे ते पाहा. सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो आणि त्यामागची तारीख मिळाली तर त्या दिवशी ती व्यक्ती एक्याऐंशीच्या आसपास होती हे कळते, म्हणजे हयातीबरोबर वयाचाही पुरावा मिळतो. पणतू झाल्यावर पणजीवर सोन्याची फुले उधळल्याची आठवण कुणी ना कुणी सांगतेच, आणि पणतूची जन्मतारीख तर पक्की असते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण कोण यात्रेला आले ते तारखेसह असते. जन्म माहीत नसेल तर मोठ्या मुलाच्या जन्मावरून अंदाज बांधा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिले मूल आईच्या पंधराव्या ते विसाव्या वर्षी धरले तर फार चुकत नाही. मात्र हयात थोरला मुलगा पहिलाच होता असे गृहीत धरू नका. आधीची गेलेली असतील तर आईचे वय वाढते. असे अंदाज नेहमी ‘संभाव्य’मध्येच ठेवा.

पुरावा किती हवा? निश्चित यादीतल्या प्रत्येकासाठी मी तीन टप्प्यांवर कागद मागतो: जन्माजवळचा, मधल्या आयुष्यातला आणि मृत्यूजवळचा. मधला सर्वांत महत्त्वाचा, कारण दोन टोके एकाच माणसाची आहेत हे तोच सांगतो. पुन्हा कर्व्यांकडे पाहा. १८८४ साली बी. ए., १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन, १९१५ साली आत्मवृत्त, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. पायरी एकही निसटत नाही. आपल्या पणजोबांसाठी एवढे मिळणार नाही, पण शाळेचा दाखला, नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद, खरेदीखतावरची वयासह सही, यांतले एखादे तरी मिळते.

आता नव्वद हा आकडा. संमेलनासाठी तो ठीक आहे, पण १८५० साली जन्मलेल्याने ८२ गाठणे आणि १९३० साली जन्मलेल्याने ९० गाठणे यांत पहिले जास्त विशेष असू शकते. १९४१-५१ च्या दशकातही भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ तेव्हा म्हातारी माणसे नव्हती असा नाही. मुले लहानपणी जात, म्हणून सरासरी खाली येई. १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा तुमच्या डेटाबेसमध्ये मृत्युवर्षांच्या गर्दीतून दिसेलच. ज्यांनी हे सगळे पाहून ऐंशी गाठली त्यांचाही मान ठेवा. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळींवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घायुषी कुणाला म्हणायचे ते त्याच काळात जन्मलेल्यांशी तुलना करून ठरवले होते, आणि वरचे दहा टक्के ही रेषा उपयोगी ठरली. तुम्हीही वीस-वीस वर्षांचे जन्मगट करून, तारखा पक्क्या असलेल्यांपैकी प्रत्येक गटातले वरचे दहा टक्के काढा. संमेलनात अशी यादी लावली तर जुन्या पिढ्यांवर अन्याय होणार नाही.

राहिला घराण्याच्या दीर्घायुष्याचा प्रश्न. मी तसे छापू देत नाही. कुलवृत्तांतात लहानपणी गेलेली मुले बहुतेक नसतात, मुलींच्या मृत्यूच्या तारखा नसतात आणि दीर्घायुषी माणसांविषयी मात्र भरभरून लिहिलेले असते. अशा माहितीवरून काढलेली सरासरी फुगतेच. मोठ्या अभ्यासांचे म्हणणेही सावध आहे. २०१८ साली गेनी या संकेतस्थळावरच्या ८.६ कोटी नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत एकच वंशवृक्ष १.३ कोटी माणसांचा होता, आणि आयुर्मानातल्या फरकांपैकी साधारण १६ टक्केच आनुवंशिकतेने समजावता आले. त्याच वर्षी आणखी मोठ्या वंशावळींवरच्या दुसऱ्या अभ्यासात हा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. तिथे दिसले की रक्ताचे नाते नसलेल्या मेहुण्या-मेहुण्यांची आयुष्येही एकमेकांशी जुळतात, कारण सारख्या परिस्थितीतली घरे एकमेकांत सोयरीक करतात. आपल्या वधूवर पाहण्याच्या पद्धतीत हे किती खरे असेल ते तुम्हीच पाहा. आणि कर्व्यांचेच सांगायचे तर त्यांचे चिरंजीव रघुनाथराव १९५३ साली ७१ वर्षे पूर्ण करून गेले, वडील त्यानंतर नऊ वर्षे होते.

संमेलनाला अजून वेळ असेल तर निमंत्रणासोबत प्रत्येक शाखेला एक साधा कागद पाठवा. त्यावर त्या शाखेतल्या, मृत्यूची तारीख नसलेल्या बायकांची नावे लिहा, माहेरच्या नावासह, आणि प्रत्येकीपुढे तीन रिकाम्या जागा सोडा: यांना शेवटचे कुणी पाहिले, कुठल्या कार्यात, आणि तेव्हा कोणते मूल कितवीत होते. सन विचारला तर लोक गप्प बसतात. ‘मी तेव्हा चौथीत होते, आजी ओसरीवर बसून शेंगा सोलत होत्या’ असे उत्तर मात्र हमखास येते, आणि सांगणारीच्या दाखल्यावरून आपल्याला साल काढता येते.